कुळीथ पहिल्यांदा घरी आणताना

मुंबईत नोकरीनिमित्त वेगळे बिऱ्हाड थाटल्यावर घरच्या जेवणाची आठवण येऊन कुळीथ विकत आणणारे, आणि वैद्यांनी ‘कुळथाचे कढण घेत जा’ असे सांगितल्यामुळे हे धान्य प्रथमच हातात घेणारे, अशा दोन्ही प्रकारच्या वाचकांसाठी हा लेख लिहिला आहे. कुळीथ कसे निवडावेत, कसे भिजवावेत, त्यांचे कढण आणि पिठी कशी करावी, हे सारे पुढे क्रमाने येईलच. परंतु त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कुळीथ हे उष्ण गुणाचे आणि नेमके काम करणारे धान्य आहे, आणि ज्या ग्रंथांनी त्याला खोकला, दमा, मुतखडा यांवर उपयोगी म्हटले त्याच ग्रंथांनी ते कोणाला बाधते हेही तितक्याच स्पष्टपणे लिहून ठेवले आहे. हल्ली पहिला अर्धा भाग सगळीकडे सांगितला जातो आणि दुसरा गाळला जातो. या लेखात दोन्ही भाग एकत्र ठेवण्याचा प्रयत्न आहे.

धान्याची ओळख

कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात त्यालाच घाटावर हुलगा म्हणतात. संस्कृतात तो कुलत्थ, हिंदीत कुलथी, कानडीत हुरळी, तेलुगूत उलवलु, तमिळमध्ये कोळ्ळु आणि मल्याळममध्ये मुदिरा. मुंबईत ही नावे उपयोगी पडतात, कारण लालबागच्या दुकानात कुळीथ मागितले की लगेच मिळतात, पण माटुंग्याच्या दाक्षिणात्य वाणसामानाच्या दुकानात त्याच पिशवीवर कोळ्ळु किंवा मुदिरा असे लिहिलेले असते. मोठ्या दुकानांतील पाकिटांवर कधी ‘हॉर्स ग्राम’ एवढेच छापलेले दिसते. वनस्पतिशास्त्रात या वेलीचे नाव मॅक्रोटायलोमा युनिफ्लोरम असे आहे.

दाणा मसुरापेक्षा थोडा मोठा, चपटा, मूत्रपिंडाच्या आकाराची आठवण करून देणारा आणि रंगाने फिकट तपकिरीपासून तांबूस विटकरीपर्यंत असतो. काळसर कुळीथही मिळतात. कोकणात भात कापून झाल्यावर शेतात जी ओल उरते तेवढ्यावर हे पीक घेतले जाते, त्याला वेगळे पाणी सहसा लागत नाही. म्हणून शिमग्याच्या आसपास नवे कुळीथ गावाहून मुंबईत येऊ लागतात. घाटावर कमी पावसाच्या, हलक्या जमिनीत हुलगा होतो. ज्या जमिनीत फारसे दुसरे काही पिकत नाही तेथे हे धान्य उभे राहते, आणि त्यामुळेच ते फार काळ गरिबांचे धान्य मानले गेले.

पोषणाच्या दृष्टीने पाहिले तर 100 ग्रॅम कोरड्या कुळथात प्रथिने सुमारे 22 ग्रॅम आणि स्निग्धांश अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतो. लोह आणि कॅल्शियम यांचे प्रमाणही चांगले असते. मात्र दाण्यातील फायटेट आणि टॅनिन या घटकांमुळे लोह शरीरात पुरते शोषले जात नाही. भिजवणे, मोड आणणे आणि जेवताना लिंबू पिळणे या घरोघरी चालत आलेल्या सवयींमुळे ही अडचण बरीच कमी होते.

ग्रंथ काय सांगतात

आयुर्वेदात कडधान्यांना शिंबीधान्य किंवा शमीधान्य म्हणतात, म्हणजे शेंगेत येणारे धान्य. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या, अन्नपानविधी या अध्यायात कुलत्थाचे वर्णन येते. तो उष्ण आहे, चवीला तुरट आहे, पचनानंतर त्याचा विपाक आंबट होतो, तो कफ, वात आणि शुक्र, म्हणजे वीर्य, कमी करतो, मळ बांधून ठेवतो आणि खोकला, उचकी, दमा व मूळव्याध यांत हितकर ठरतो, असा त्या वर्णनाचा आशय आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात याच यादीत पडसे आणि अश्मरी, म्हणजे मुतखडा, यांची भर पडते. आणि त्याच श्लोकात, अगदी शेवटी, कुळीथ रक्तपित्त फार वाढवणारे आहेत असेही सांगितलेले आहे. रक्तपित्त म्हणजे शरीरातून रक्त वाहण्याचे विकार: नाकातून रक्त येणे, शौचावाटे रक्त पडणे, मासिक पाळीत अतिस्राव होणे यांसारखे.

चरकसंहितेच्या पंचविसाव्या अध्यायात एक वेगळी यादी आहे. कोणत्या कामात कोणता पदार्थ सर्वांत पुढे, हे तीत एकेका वाक्यात सांगितले आहे, आणि त्या यादीत अम्लपित्त उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत कुलत्थ अग्रणी मानला आहे. ज्याला वरचेवर छातीत जळजळते, आंबट ढेकर येतात, त्याने कुळथाचे कढण ‘औषधी आहे’ म्हणून रोज प्यायला सुरुवात केली तर काय होईल, याचे उत्तर येथे आधीच लिहिलेले आहे.

सव्विसाव्या अध्यायात विरुद्ध आहाराची चर्चा आहे आणि दुधाबरोबर जे पदार्थ घेऊ नयेत त्यांत मटकी, उडीद आणि पावटा यांच्या जोडीने कुलत्थाचे नाव येते. येथे दूध म्हणजे जनावराचे दूध. कोकणात कुळथाच्या सारात नारळाचा रस घालतात. तो या निषेधात येत नाही. पण कुळथाचे जेवण झाल्यावर लगेच दुधाचा चहा किंवा झोपताना दुधाचा पेला घेण्याची सवय असेल तर निदान त्या दिवशी मध्ये चांगले अंतर ठेवावे.

जाता जाता एक नोंद करावीशी वाटते. कुळथाचा काढा स्वयंपाकघराबाहेरही वापरला जात असे. रसशास्त्रात, म्हणजे धातू व खनिजांपासून औषधे करण्याच्या शास्त्रात, धातूंचे सामान्य शोधन (शुद्धीकरण) करताना तापवलेला धातू तेल, ताक, गोमूत्र, कांजी आणि कुळथाचा काढा अशा पाच द्रवांत प्रत्येकी सात वेळा विझवतात. ज्या धान्याची आपण पिठी करून भाताबरोबर जेवतो, त्याच्या काढ्याला औषधशाळेत एवढे मानाचे स्थान आहे, हे मला प्रथम कळले तेव्हा मी कुळथाकडे अधिक आदराने पाहू लागलो.

खरेदी

दादर, गिरगाव, लालबाग, परळ, पार्ले येथील कोकणी मालाच्या दुकानांत अख्खे कुळीथ आणि कुळथाचे पीठ दोन्ही मिळते. सुरुवातीला अर्धा किलो अख्खे कुळीथ आणि पाव किलो पीठ एवढेच घ्यावे. मुंबईच्या दमट हवेत जास्त साठा करण्यात अर्थ नाही, विशेषतः पावसाळ्याच्या तोंडावर.

अख्खे दाणे घेताना मूठभर तळहातावर घेऊन पाहावेत. दाण्यांना बारीक गोल भोके असतील किंवा पिशवीच्या तळाशी पिठूळ भुकटी दिसत असेल तर भुंगा लागलेला आहे, तो माल घेऊ नये. फार जुने कुळीथ निस्तेज दिसतात आणि कितीही भिजवले तरी शिजायला त्रास देतात. पिठाची पारख वासावर होते. पिठीचे पीठ भाजलेल्या कुळथाचे असते. ते तांबूस तपकिरी दिसते आणि पिशवी उघडताच खमंग वास येतो. न भाजता दळलेले पीठ फिकट दिसते आणि त्याची पिठी बराच वेळ उकळली तरी तिला कच्चट चव राहते. म्हणून दुकानदाराला ‘भाजून दळलेले आहे ना?’ एवढे विचारून घ्यावे.

घरी आणल्यावर दाणे गॅलरीत किंवा खिडकीत एक-दोन दिवस कडक ऊन दाखवून, पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. गरम असतानाच झाकण लावले तर आत वाफ धरते. पीठ पावसाळ्यात फ्रिजमध्ये ठेवणे चांगले.

निवडणे, रोळणे, भिजवणे

ही पायरी टाळण्याचा मोह होतो, पण कुळथाच्या बाबतीत ती टाळता येत नाही. या धान्यात बारीक खडे हटकून असतात आणि ते रंगाने व आकाराने दाण्यांसारखेच दिसतात. पांढऱ्या ताटात थोडे थोडे कुळीथ पसरून, चांगल्या उजेडात निवडावेत. त्यानंतर रोळावेत. रोळण्याची पद्धत अशी: कुळीथ एका पातेल्यात घेऊन त्यावर भरपूर पाणी घालावे, पातेले हलक्या हाताने गोल हलवावे आणि वर उचलले गेलेले दाणे पाण्यासह दुसऱ्या पातेल्यात ओतत जावे. खडे जड असल्यामुळे तळाशी राहतात. शेवटचे चमचाभर दाणे खड्यांसह उरले की ते हाताने वेचावेत किंवा सरळ टाकून द्यावेत. पहिल्या खेपेला दोन वेळा रोळले तर मनाला स्वस्थता येते.

नंतर दाण्यांच्या तिप्पट पाण्यात कुळीथ रात्रभर, निदान आठ ते दहा तास भिजवावेत. मुंबईत मार्च ते मे या काळात भिजवलेले पाणी उष्म्याने फसफसू लागते, त्यामुळे मध्ये एकदा पाणी बदलावे किंवा पातेले फ्रिजमध्ये ठेवावे. सकाळी ते पाणी टाकून द्यावे. भिजवलेले पाणी तसेच पिण्याची प्रथा काही घरांत आहे, परंतु पोटात वायू धरणाऱ्या शर्करा आणि तुरट टॅनिन यांचा काही अंश त्या पाण्यातच उतरलेला असतो. आयुर्वेदात कुळथाचा जो मुख्य वापर सांगितला आहे तो शिजवलेल्या यूषाचा, म्हणजे कढणाचा, किंवा उकळलेल्या काढ्याचा आहे. नवख्या माणसाने कच्चे पाणी पिण्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

कढण

ग्रंथांत ज्याला यूष म्हणतात त्याचेच घरगुती रूप म्हणजे कढण. कडधान्य अठरापट पाण्यात शिजवून, पेजेपेक्षा किंचित दाट ठेवलेला रस म्हणजे यूष, असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. घरी हे प्रमाण सहज पाळता येते. तीन मोठे चमचे भरून, म्हणजे 40 ग्रॅमच्या आसपास कुळीथ घेतले तर सुमारे 700 मिलीलिटर पाणी लागते. एवढ्यात दोघांचे कढण होते.

भिजवून निथळलेले कुळीथ या ताज्या पाण्यात घालून कुकरला लावावेत. सहा-सात शिट्ट्या झाल्यावर आंच मंद करून आणखी दहा मिनिटे ठेवावे. कुकर आपोआप गार होऊ द्यावा. दाणा दोन बोटांत दाबला असता पूर्ण मऊ लागला पाहिजे. मध्ये कणी राहिली असेल तर पुन्हा तीन शिट्ट्या घ्याव्यात. मीठ आणि आमसूल या टप्प्यावर मुळीच घालू नये, कारण आंबट पदार्थ आधी पडला की दाण्याचे साल घट्ट राहते आणि मग कितीही शिट्ट्या काढल्या तरी दाणा मऊ होत नाही.

आता थोडे दाणे पळीने ठेचून तो सगळा ऐवज पातेल्यात उकळत ठेवावा आणि पाणी निम्म्यावर आले की गाळून घ्यावे. गाळणीत राहिलेले दाणे टाकू नयेत; कांदा-मिरचीच्या फोडणीत परतून त्यांची सुकी भाजी होते. गाळलेल्या रसात चवीपुरते सैंधव, एखादे आमसूल, चिमूटभर सुंठपूड आणि मिरपूड घालावी. कढल्यात चमचाभर तूप तापवून त्यात जिरे, हिंग आणि ठेचलेल्या दोन लसूण पाकळ्या तांबूस करून ती फोडणी वरून द्यावी व एक उकळी आणावी.

पहिल्या दिवशी एका माणसाने लहान वाटीभर, म्हणजे 100 ते 150 मिलीलिटर कढण दुपारच्या जेवणाबरोबर गरम गरम घ्यावे आणि संध्याकाळपर्यंत पोट कसे राहते याकडे लक्ष द्यावे. जळजळ झाली नाही, पोट फुगले नाही, तर आठवड्यातून दोनदा घ्यायला हरकत नाही. सर्दीने नाक चोंदलेले असताना, छातीत कफ साठलेला असताना, पावसात भिजून लोकलच्या गर्दीतून घरी आल्यावर हे कढण अंगात जी ऊब आणते तिचा अनुभव घेतल्याशिवाय कुळथाची थोरवी कळत नाही. अशा वेळी मात्र ते दिवसातून एकदा, दोन-तीन दिवस, एवढेच पुरेसे आहे.

पिठी

कढण औषधाच्या अंगाने जाते, तर पिठी हे रोजचे जेवण आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडील कितीतरी घरांत भाजीला काही नसेल त्या दिवशी पिठी आणि मऊ भात हे ठरलेले असे. गिरगाव, लालबागच्या चाळींतील खोल्यांतही गावाहून आलेल्या पिठाचा डबा असेच आणि तो संपत आला की गावी पत्र जाई.

चार मोठे चमचे भाजलेल्या कुळथाचे पीठ एका भांड्यात घेऊन त्यात आधी थोडेच गार पाणी घालावे आणि बोटांनी कालवून गुठळ्या पूर्ण मोडाव्यात. नंतर एकूण तीन वाट्या होईल एवढे पाणी घालून सारखे करावे. गरम पाण्यात पीठ घातले किंवा उकळत्या फोडणीत कोरडे पीठ भुरभुरले तर गुठळ्या होणारच. पिठी बिघडण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. दुसऱ्या पातेल्यात दोन चमचे तेल तापवून त्यात पाच-सहा लसूण पाकळ्या ठेचून घालाव्यात. लसूण बदामी झाली की हिंग, हळद, एक बारीक चिरलेला कांदा आणि दोन हिरव्या मिरच्या किंवा चमचाभर लाल तिखट घालावे. कांदा मऊ झाल्यावर कालवलेले पीठ पुन्हा एकदा ढवळून घ्यावे, कारण ते तळाशी बसलेले असते, आणि मग फोडणीत ओतावे. पहिली उकळी येईपर्यंत हात थांबवू नये. उकळी आल्यावर मीठ आणि तीन-चार आमसुले घालून मंद आंचेवर सात-आठ मिनिटे ठेवावे. ती गार होताना घट्ट होते, म्हणून उतरवताना पाहिजे त्यापेक्षा थोडी पातळच असू द्यावी. वरून कोथिंबीर आणि मूठभर ओले खोबरे घालावे.

पिठी मऊ भातावर, तुपाच्या धारेसह वाढावी. तूप येथे चवीपुरते नाही. कुळीथ रूक्ष आणि उष्ण आहेत, आणि तुपाचा स्निग्धपणा त्या दोन्ही गुणांना आवर घालतो. आमच्या घरी पिठीच्या ताटात तूप विसरले तर आजी जेवण सुरू करू देत नसे. त्यामागचे कारण मला पुष्कळ वर्षांनी उमगले.

प्रथिनांसाठी म्हणून जे कुळीथ खाऊ इच्छितात त्यांनी एक हिशेब ध्यानात ठेवावा. वरच्या मापाची पिठी दोघांनी खाल्ली तर एकाच्या वाट्याला सुमारे 20 ग्रॅम पीठ, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आत प्रथिने येतात. उसळीत एका माणसाला 50 ग्रॅम कोरडे कुळीथ सहज लागतात आणि प्रथिने 11 ग्रॅमपर्यंत जातात.

उसळीसाठी भिजवलेले कुळीथ निथळून, ओलसर सुती फडक्यात सैल बांधून एक दिवस ठेवले की मोड येतात. पावसाळ्यात पुरचुंडी बुळबुळीत लागू लागली किंवा आंबूस वास आला तर ते कुळीथ वापरू नयेत. मंडईत मोड आलेली कडधान्ये विकायला बसणाऱ्या बायकांकडे वाल, मटकीच्या शेजारी कधी मोडाचे कुळीथही असतात. आयुर्वेदाने अंकुरलेली धान्ये पचायला जड मानली आहेत, त्यामुळे मोडाची उसळ कच्ची-अर्धकच्ची न खाता नीट शिजवून, दुपारीच खावी. घाटावरची हुलग्याची शेंगोळी आणि गूळ घातलेले माडगे हे दोन पदार्थही शिकण्यासारखे आहेत, पण त्यांना हाताची सवय लागते. पिठी जमल्यावर त्यांच्याकडे वळावे.

कोणी, केव्हा, किती

हेमंत आणि शिशिर, म्हणजे नोव्हेंबर अखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ, आणि कफ उसळण्याचा वसंत हा कुळथाचा खरा हंगाम. पावसाळ्यात पचनशक्ती मंद असते. तेव्हा उसळीपेक्षा सुंठ-हिंग घातलेले पातळ कढण बरे. शरद ऋतूत मात्र कुळीथ बाजूला ठेवावेत. मुंबईचा ऑक्टोबर सर्वांना ठाऊक आहे: पाऊस थांबलेला, ऊन तापलेले, अंगातले पित्त उसळलेले. मी स्वतः एका ऑक्टोबरमध्ये वजन उतरावे म्हणून सलग बारा दिवस सकाळी उपाशीपोटी कढण घेतले होते. पाचव्या दिवशी छातीत जळजळू लागले, आठव्या दिवशी तोंड आले, आणि तरीही ‘सवय होईल’ असे म्हणून मी ते चालू ठेवले. नंतर वैद्यांनी पहिला प्रश्न विचारला तो ऋतूचाच.

वारंवार आम्लपित्त होणाऱ्यांनी, जठरात व्रण असलेल्यांनी, रक्ती मूळव्याध, नाकातून रक्त येणे किंवा मासिक पाळीत अतिस्राव असलेल्यांनी कुळीथ टाळावेत. मूळव्याधीच्या बाबतीत येथे विशेष काळजी हवी, कारण चरकसंहितेने अर्शात कुळीथ हितकर म्हटले आहेत ते वाचून लोक घाई करतात. रक्त पडत असेल तर वाग्भटाची रक्तपित्ताची सूचना आधी लागू होते. गर्भवतींनी औषधी मात्रेत कढण किंवा काढा घेऊ नये. ज्यांचे वजन आधीच कमी आहे, मळ कोरडा होतो, किंवा जे पुरुष अपत्यप्राप्तीसाठी उपचार घेत आहेत, त्यांनी कुळीथ नित्याचे करू नयेत, कारण ते रूक्ष, मळ बांधणारे आणि शुक्र कमी करणारे सांगितले आहेत. मूत्रपिंडाचा जुना विकार असून पोटॅशियमवर बंधन असेल, किंवा यूरिक आम्ल वाढून सांधे दुखत असतील, तर कोणतेही कडधान्य वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी आहारातला हा बदल आपल्या डॉक्टरांच्या कानावर घालावा.

बाकीच्या निरोगी माणसाला आठवड्यातून दोनदा पिठी किंवा उसळ, तूप-भातासह, एवढे पुरे आहे.

अंगाला लावण्यासाठी

कुळथाचे पीठ उटण्यासारखे अंगावर चोळण्याला आयुर्वेदात उद्वर्तन म्हणतात, आणि कफ व मेद वाढलेल्या माणसाला ते सुचवले जाते. यासाठी बारीक चाळणीतून चाळलेले पीठ घ्यावे. ज्यांची त्वचा कोरडी आहे त्यांनी आधी तिळाच्या तेलाचा हलका हात फिरवावा. मग पीठ खालून वरच्या दिशेने, लवेच्या उलट, दहा मिनिटे चोळून कोमट पाण्याने आंघोळ करावी. चेहरा, ताजी जखम, पुरळ आणि खाज सुटलेली जागा वगळावी. चाळीत किंवा फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची सूचना: हे पीठ मोरीच्या जाळीत साचून घट्ट बसते, म्हणून अंगावरचे पीठ आधी कोरडेच झटकून कागदावर गोळा करावे आणि मग पाणी घ्यावे.

मुतखड्यासाठी घेत असाल तर

बहुतेक लोक कुळथाकडे येतात ते याच कारणाने, त्यामुळे येथे थोडे थांबून सांगतो. अश्मरीच्या चिकित्सेत कुलत्थाचे स्थान जुने आहे. वरुण, गोखरू, पाषाणभेद यांसारख्या औषधांच्या सोबतीने त्याचा काढा दिला जातो आणि कुलत्थाद्य घृत नावाचा तुपाचा कल्पही आहे. पण ही चिकित्सा रुग्णाची प्रकृती, खड्याची जागा आणि लक्षणे पाहून ठरते. घरी केलेले कढण हा तिच्यातील आहाराचा भाग आहे. सगळी चिकित्सा त्यात मावत नाही.

पहिली पायरी सोनोग्राफीची. खडा मूत्रपिंडात आहे की मूत्रवाहिनीत अडकला आहे, किती मिलिमीटरचा आहे, त्यामुळे मूत्रपिंडाला सूज आली आहे का, हे कळल्याशिवाय कढण सुरू करू नये. लहान खडा बऱ्याचदा भरपूर पाणी प्यायल्यानेच उतरतो, आणि दिवसाला अडीच लिटरच्या आसपास लघवी होईल इतके पाणी पिणे हा उपाय कुळीथ घ्या अथवा न घ्या, चालू ठेवावाच लागतो. मुंबईत लोकलच्या लांब प्रवासामुळे, विशेषतः स्त्रिया, स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून पाणी पिणे टाळतात. ती सवय तशीच ठेवून केवळ कढणावर भरवसा ठेवू नये.

कंबरेतून जांघेकडे जाणाऱ्या कळा सहन होत नसतील, थंडी वाजून ताप आला असेल, लघवी अडली असेल किंवा लघवीतून रक्त जात असेल, तर त्याच दिवशी, वेळ न घालवता रुग्णालयात जावे. ओळखीच्या एका गृहस्थांनी ताप असतानाही तीन दिवस कढणावर काढले. अडकलेल्या खड्याच्या मागे जंतुसंसर्ग झालेला होता आणि त्यांना रात्री घाईने दाखल करावे लागले. असा ताप हा तातडीने उपचार करण्याचा प्रसंग असतो.

वैद्यांचा सल्ला घ्यायचा असेल तर वरळीचे पोदार आयुर्वेद महाविद्यालय किंवा शीव येथील आयुर्वेद महाविद्यालय यांच्या रुग्णालयांतील बाह्यरुग्ण विभागात जाता येते. जाताना सोनोग्राफीचा अहवाल, लघवीच्या तपासणीचा अहवाल, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची नावे आणि मागच्या आठवड्यात कुळीथ कोणत्या रूपात, किती व दिवसाच्या कोणत्या वेळी घेतले याची लिहून ठेवलेली नोंद सोबत न्यावी. छातीत जळजळ होते का, शौचाला कोरडे होते का, हे विचारले जाण्याची वाट न पाहता आपणहून सांगावे, कारण कढण चालू ठेवायचे, त्यात तूप वाढवायचे की ते थांबवून दुसरे काही द्यायचे, हा निर्णय वैद्य बऱ्याच अंशी या दोन उत्तरांवरून घेतात.